घर आपले, पण जागा कुणाची?

ज्याचे घर स्वतःच्या मालकीचे आहे, पण घराखालची वीतभर जमीनही स्वतःची नाही, त्याला घरमालक म्हणायचे की भाडेकरू? कवठे महांकाळ तालुक्यात हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. कारण ज्यांच्याबद्दल तो विचारायचा, ती माणसे गावाच्या हिशेबातच धरलेली नसतात. ती पालात राहतात.

पाल म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. चार बांबू, एक ताडपत्री, जुन्या फ्लेक्सचे तुकडे, दोर, खुंट्या आणि बाहेर तीन दगडांची चूल. पूर्वी हे सारे गाढवाच्या पाठीवर चढे, आता टेम्पोत चढते. घरातली माणसे त्याला ‘आमचं घर’च म्हणतात आणि ते खरेही आहे. ताडपत्री त्यांनी विकत घेतलेली असते, बांबू त्यांचे असतात, फाटले तर शिवणारे हात त्यांचेच असतात. नसते ती फक्त खालची जागा.

भाडे कशाचे?

कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेतला, अग्रणी नदीच्या खोऱ्यातला दुष्काळी तालुका. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी फिरले तसे माळाचे रूप बदलले. द्राक्षबागा वाढल्या, नागजच्या बाजूला बेदाण्याची शेड उभी राहिली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, घडांची विरळणी, उन्हाळ्यात बेदाण्याची निवड, अशी कामे एकामागून एक येतात आणि प्रत्येक कामाला माणूस लागतो. कामाला माणूस हवा असतो, पण त्याच माणसाने संध्याकाळी पाल कुठे ठोकायचे, हे ठरवायला कुणी पुढे येत नाही.

मग जागा मिळते ती मेहेरबानीने. कुणाच्या पडीक तुकड्यावर, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला. त्या जागेचे भाडे कधी रोख द्यावे लागते, तर कधी अंगमेहनतीने फेडावे लागते. मालकाच्या बागेत आधी राबायचे, रखवाली करायची, मजुरीचा भाव त्याने ठरवायचा. अशा भाड्याची पावती नसते आणि पावती नाही म्हणून पुरावाही नसतो. समजा, एका कुटुंबाने जागेपोटी महिन्याला फक्त ५०० रुपये दिले, तर वर्षाचे ६,००० आणि दहा वर्षांचे ६०,००० रुपये होतात. एवढे देऊनही अकराव्या वर्षी ‘उद्या पाल हलवा’ म्हटले की हलवायचे. घर मोडते ते वाऱ्यापावसाने कमी आणि मालकाच्या शब्दाने जास्त.

याची पहिली झळ पालातल्या बाईला बसते. आंघोळीला आडोसा नाही, शौचाला अंधाराची वाट पाहायची, पाणी मागून आणायचे. वयात आलेली मुलगी घरात असेल तर आई रात्रभर जागी. मुलाचे नाव शाळेत घातले तर सहा महिन्यांनी मुक्काम बदलतो. पुढचा सगळा अंधार या एका जागेच्या प्रश्नातून सुरू होतो.

ही अस्थिरता आली कुठून?

भटक्यांना भटकायला आवडते, असे म्हणून आपल्यातलेही काही लोक मोकळे होतात. ही समजूत चुकीची आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसाला चोर ठरविले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला, पण गावाच्या मनातला संशय संपला नाही. गावात आले की पोलीस पाटलाकडे वर्दी द्यायची आणि थोड्या दिवसांत मुक्काम उठवायचा, ही रीत पुढेही चालत राहिली. सातारा जिल्ह्यातल्या लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० मध्ये लिहिले, तेव्हा हे जिणे सुशिक्षित महाराष्ट्राने पहिल्यांदा नीट वाचले. केंद्र सरकारने नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. भटक्या जमातींपैकी सुमारे ९८ टक्के लोकांकडे जमीन नाही, असे त्यात नमूद आहे. ज्याला थांबायला जागाच दिली नाही, तो फिरणारच.

योजना आहेत, पण पायाशी अडतात

घरकुलाच्या योजना नाहीत असे नाही. ग्रामीण भागासाठी २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना आहे. सपाट भागात घराला १ लाख २० हजार रुपये, शिवाय शौचालयासाठी १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, असा तिचा आराखडा. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. तिचे साहाय्य ग्रामीण भागात १ लाख ३२ हजार रुपये ठरले. दोन्हींत घर २६९ चौरस फुटांचे. पण दोन्ही योजना पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की जागा तुमच्या नावावर आहे का? पालवाल्याचे उत्तर ‘नाही’ आणि अर्ज तिथेच थांबतो. ज्याला जागा आहे त्याला घर मिळते आणि ज्याला जागाच नाही, म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज आहे, तो बाहेर राहतो.

ही उणीव शासनाच्याही लक्षात आलेली आहे. जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना २०१५ मध्ये आली. आधी ५० हजारांपर्यंत साहाय्य होते, ते २०२४ मध्ये १ लाखापर्यंत नेण्यात आले. पण ही योजनाही घरकुलाच्या यादीत नाव असलेल्यांनाच लागू होते आणि रस्त्याकडेची जागा आज लाखात येते का, हे वाचकांनीच सांगावे.

यात आणखी एक गुंता आहे. कवठे महांकाळ गावाला आता नगर पंचायत आहे. म्हणून गावाच्या हद्दीत शहरी योजना लागू होते आणि शेजारच्या खेड्यात ग्रामीण. शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. पाल ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर खाते बदलते, अर्ज बदलतो, साहेब बदलतात. निरक्षर माणसाने कोणत्या दारात उभे राहायचे?

मुक्त वसाहत: जमीन आधी, भिंत नंतर

खरा उपाय ज्या योजनेने ओळखला ती यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ती २०११ मध्ये सुरू झाली. एका हेक्टरवर २० कुटुंबे वसवायची, प्रत्येकाला ५ गुंठे जमीन, त्यावर २६९ चौरस फुटांचे घर आणि उरलेल्या जागेत शेळ्या, कोंबड्या, भाजीपाला असा पोटाचा आधार. जमीन नवरा-बायको दोघांच्या नावे होते, ती विकता येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही. नंतर, २०१८ मध्ये, वसाहतीशिवाय एकेकट्या कुटुंबालाही लाभ देण्याची सोय झाली.

योजनेचे हे रूप आम्हाला मोलाचे वाटते, कारण ती जमिनीपासून सुरू होते. पण वसाहतीला एक हेक्टर सलग जागा लागते, गायरान असेल तर गावाची संमती लागते आणि गावाची ग्रामसभा ‘यांना आमच्या शिवारात नको’ म्हणाली की कागद पुढे सरकत नाही. म्हणजे अडसर पैशापेक्षा मनाचा मोठा आहे.

बाहेरच्या जगात काय चालते?

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात सुमारे दोन कोटी लोक कारखान्यात बनलेल्या, चाकांवरून आणून ठेवलेल्या घरांत राहतात. त्यांना तिकडे ‘मोबाईल होम’ म्हणतात. त्यांपैकी पुष्कळांचे घर स्वतःचे असते, पण ज्या आवारात ते ठेवलेले असते त्या जागेचे भाडे दर महिन्याला भरावे लागते. जागेच्या मालकाने भाडे वाढविले तर घर उचलून नेण्याचा खर्च गरिबाला परवडत नाही आणि तो तिथेच पिळला जातो. आपल्या पालाचेच हे दुसरे रूप.

तेथे दोन वाटा निघाल्या. पहिली भाड्याच्या मदतीची. गरीब कुटुंबाने आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत भार उचलायचा आणि वरचा भाग सरकारी साहाय्याने द्यायचा, हे तत्त्व तिथे आहे. घर स्वतःचे पण जागा भाड्याची असलेल्यांनाही हे साहाय्य मिळू शकते. २०१६ च्या कायद्याने जागेच्या भाड्याबरोबर घराच्या कर्जाचा हप्ता आणि वीजपाण्याचा खर्चही हिशेबात धरण्याची मुभा दिली. मात्र ते द्यायचे की नाही हे स्थानिक संस्थेवर सोडलेले असल्याने सर्वांनाच ते मिळते असे नाही. दुसरी वाट सहकाराची. न्यू हॅम्पशायर राज्यात १९८४ मध्ये रहिवाशांनी सोसायटी करून आपल्या घरांखालची जमीनच विकत घेतली. आज अशा रहिवासी-मालकीच्या वसाहती त्या देशात ३०० हून अधिक आहेत. सहकाराचे नाव घेणाऱ्या सांगली जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडे जागेच्या भाड्याची मदत अशक्य आहे का? मुळीच नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना शासन स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचा खर्च देते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात नवे घर होईपर्यंत विकासकाने कुटुंबाला भाडे द्यावे लागते. वसतिगृह मिळेपर्यंत विद्यार्थ्याचा आणि इमारत होईपर्यंत झोपडीवाल्याचा निवारा सांभाळता येतो, तर जमीन मिळेपर्यंत पालातल्या कुटुंबाचे जागाभाडे का देता येऊ नये? ते थेट त्या कुटुंबातल्या बाईच्या बँक खात्यात जमा व्हावे आणि जागामालकाने पावती द्यावी. पावती हाती आली की पत्ता आला. आणि पत्ता आला की पुढचे अनेक कागद सोपे होतात.

हा आपलाही प्रश्न आहे

काही बांधव म्हणतील, हा भटक्यांचा प्रश्न, आपण त्यात का पडावे? त्यांनी आठवून पाहावे. गावकुसाबाहेरची जागा आपल्याही वाट्याला मेहेरबानीनेच आली होती. वतनाची जमीन ही गुलामीची बेडी आहे, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी गायरान कसणाऱ्या भूमिहीनांना हक्क देण्याचा मार्ग निघाला. जागेसाठी लढल्याशिवाय जागा मिळत नाही, हा आपला अनुभव आहे. तो पालापर्यंत पोहोचविणे आपले काम आहे. आपल्यातही कित्येक घरे आज गायरानावर उभी आहेत आणि रमाई घरकुलाचा अर्ज त्यामुळे अडलेला आहे. शासकीय जमिनीवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहणाऱ्या, घरकुलास पात्र ग्रामीण कुटुंबांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १६ फेब्रुवारी २०१८ रोजी झालेला आहे. तो किती जणांनी वाचला?

आपण काय करू शकतो?

शिकलेल्या तरुणांनी आणि महिला मंडळांनी आपल्या गावातल्या पालांची साधी यादी करावी: कुटुंबे किती, मुले किती, किती वर्षे येतात, जागा कुणाची. बेघर माणसाचे नाव मतदार यादीत घालता येते. पत्त्याचा कागद नसला तरी बूथ अधिकारी रात्री येऊन माणूस तिथे झोपतो का ते पाहतो आणि नोंद करतो. रेशनकार्ड असेल तर धान्य दुसऱ्या गावीही उचलता येते, हेही पालात जाऊन सांगावे.

जातीच्या दाखल्यासाठी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी नोंद, नातेवाइकांचा दाखला, जे सापडेल ते शोधून द्यावे. ग्रामपंचायतीत घराची नोंद झाली असेल तर नमुना ८ चा उतारा काढावा. मात्र तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे, हे विसरू नये. मुक्त वसाहतीचा अर्ज इतर मागास बहुजन कल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयात लागतो. त्याची पोच घ्यावी आणि तारीख लिहून ठेवावी.

आणि ग्रामसभेला जावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांत पालवाल्यांना जागा देण्याचा ठराव कुणीतरी मांडावा लागतो आणि कुणीतरी अनुमोदन द्यावे लागते. बागायतदाराला छाटणीला माणसे हवीत, गावाला मजूर हवेत, तर त्या मजुराला रात्री पाठ टेकायला पाच गुंठे द्यायला गावाने का कचरावे? हा प्रश्न भर सभेत विचारणारा एक तरी आवाज आपल्या वस्तीतून उठला पाहिजे. पालात राहणाऱ्याने घर स्वतःच्या हातांनी उभे केलेले आहे. त्याखालची जमीन मात्र आपण सर्वांनी मिळून मागायची आहे.