आठवे घर
(लेखांक सातवा)

घरोघर फिरणाऱ्या गणकाची हकीकत आज सांगावयाची होती. ती पुढे ढकलतो. रेवदंड्याकडच्या एका वाचकांचे चार ओळींचे पत्र आले, आणि त्या चार ओळींनी माझा आठवडा खाल्ला. ते लिहितात, “दरडोई उत्पन्नात आपला रायगड राज्यातल्या वरच्या जिल्ह्यांत मोडतो असे वाचले. म्हणून आमच्या आळीतल्या पंधरा घरांचा मनाशी अजमास घेतला. त्या आकड्याच्या आसपास जाणारे एकच घर निघाले, तेही व्यापाऱ्याचे. मग हा पैसा आहे कोठे?” पत्रात मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, हा शब्द कोठेही नाही, तरी सरासरी कशी फसवते हे गेल्या खेपेस मी दोन रकाने खर्चून जे सांगितले, ते या गृहस्थांनी एका प्रश्नात विचारून टाकले आहे.

उत्तराची सुरुवात भागाकारापासूनच केली पाहिजे. भाजक कोण ते उघड आहे : जिल्ह्यातली माणसे. परंतु भाज्यात कोणाचा पैसा धरला आहे, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. जिल्ह्याचे उत्पन्न म्हणून जे मोजले जाते ते जिल्ह्याच्या हद्दीत निर्माण झालेले मूल्य होय, जिल्ह्यातल्या माणसांच्या हाती पडलेली रक्कम नव्हे. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेव्याचे बंदर, थळचा खतकारखाना, नागोठण्याची रसायने, डोलवीचे पोलाद या साऱ्यांचे मूल्यवर्धन रायगडच्या खाती जमा होते. आणि त्या मूल्यवर्धनात कामगाराच्या पगाराबरोबर व्याज असते, घसारा वजा केल्यावर उरणारा नफाही असतो, जो कोणत्या शहरातल्या कोणत्या भागधारकाच्या घरी जातो याची त्या खात्यास फिकीर नसते. उलट, अलिबागच्या ज्या घराचा मुलगा मुंबईत नोकरी करून दरमहा पैसे पाठवितो, त्याचा पगार मुंबईच्या खाती पडतो, जरी त्या पैशाने चूल अलिबागेत पेटत असली तरी. मांडवा-किहीमच्या बंगलेवाल्यांची मिळकतही अशीच मुंबईच्या दप्तरी; आपल्या हिशेबात येते ती बागेत पाणी घालणाऱ्या माळ्याची मजुरी.

आता कोणी म्हणेल, सरासरी फसवी असेल तर सरकारने मध्यकच का छापू नये? कारण साधे आहे, आणि माझ्या मते या सबंध लेखमालेचे मर्म तेच आहे. सरासरीस दोनच आकडे पुरतात, एकूण बेरीज आणि डोक्यांची संख्या. एकाही माणसाच्या दारी न जाता ती काढता येते. मध्यकासाठी मात्र प्रत्येकाची मिळकत ठाऊक असावी लागते, निदान नीट निवडलेल्या काही हजारांची तरी, म्हणजे मग त्यांना चढत्या क्रमाने उभे करून मधला कोण ते पाहता येते. दादाभाई नौरोजींनी १८७६ च्या निबंधात १८६७-६८ सालासाठी दरडोई २० रुपयांचा अंदाज मांडला, तो पिकांच्या व भावांच्या सरकारी अहवालांवरून. मात्र सरासरीची मर्यादा त्यांना पुरती ठाऊक होती. जिल्ह्याजिल्ह्यांचे एकरी उत्पादन नुसते मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागणाऱ्या अधिकाऱ्यांचे त्यांनी चांगलेच वाभाडे काढले, आणि आपल्या २० रुपयांशेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडून दाखविला. पुढे स्वतंत्र भारतात महालनोबिस, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या समितीने १९५१ च्या पहिल्या अहवालात १९४८-४९ चे दरडोई उत्पन्न २५५ रुपये ठरविले. त्या वेळी अर्थमंत्री होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, आपल्याच जिल्ह्याचे चिंतामणराव देशमुख. तो २५५ चा आकडाही भागाकाराचाच.

हे किनाऱ्यावर आणून पाहू. समजा, होडी फेरीवरून परतली. मासळीच्या पैशांतून डिझेल, बर्फ आणि शिधा वजा जाता २४,००० रुपये उरले. वाटे घालण्याची रीत गावोगाव वेगळी. आपण होडी आणि जाळी मिळून मालकाचे सहा, तांडेलाचे दोन आणि चार खलाशांचा एकेक असे बारा वाटे धरू. वाटा २,००० चा पडला. मालकास १२,०००, तांडेलास ४,००० आणि खलाशांस प्रत्येकी २,०००. सहा माणसांची सरासरी ४,०००, म्हणजे बरोबर तांडेलाची कमाई. सहांपैकी चौघांना मात्र तिच्या निम्मेच मिळते. मध्यक २,०००. उद्या मालकाची कमाई दुप्पट झाली तर सरासरी ६,००० वर जाईल, मध्यक जागचा हलणार नाही. येथवर मध्यकाचा जयजयकार ठीक. परंतु दोघा खलाशांच्या हाती ५०० रुपयेच टेकविले, तरीही मध्यक २,००० च राहतो! मधल्याकडे पाहता पाहता तळाशी काय चालले आहे ते त्यालाही दिसत नाही.

शिवाय होडीवरची सहा माणसे म्हणजे सहा घरे नव्हेत. खलाशाची बायको बंदरावर मासळी घेऊन, पाटी डोक्यावर ठेवून बाजारात विकते. तिची कमाई होडीच्या वाट्यांत कोठेच नाही, आणि जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते तेव्हा सुक्या मासळीवर घर तीच ओढते. म्हणून मोजायचे तर चुलीमागे मोजावे, वर्षाचे मोजावे, आणि मग खाणाऱ्या तोंडांनी भागावे.

तेव्हा रेवदंड्याच्या वाचकांस विनंती अशी की, आपल्या पंधरा घरांची फर्द करावी. वाटा, पाटी, नारळी-सुपारी, मुंबईहून येणारे पैसे, सारे मिळवून माणशी आकडा काढावा. आणि लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावून आठव्या घरावर बोट ठेवावे. सात घरे अलीकडे, सात पलीकडे : आपल्या आळीचा मध्यक तेथे राहतो. व्यापाऱ्याचे घर पंधरावे असो की बाराव्या क्रमांकावर असो, त्याने काही बिघडत नाही.

अडचण एवढीच की, त्या आठव्या घरच्या माउलीस “वर्षाचे उत्पन्न किती?” असे विचारले, तर ती आधी हसेल आणि मग चहा टाकील, आकडा काही सांगणार नाही. तो तिच्याकडून कसा काढावा, हीच गणकाची हकीकत. पुढल्या आठवड्यात, मध्येच दुसरे पत्र न आल्यास.