ग्रीन कार्डनंतरची पाच वर्षे : अमेरिकेत स्थायिक होणाऱ्या पालकांसाठी अर्ज आणि आरोग्य सुविधांची माहिती

मुलगा अथवा मुलगी अमेरिकेचे नागरिक झाल्यानंतर आई-वडिलांना कायमचे तेथे बोलावून घेणे ही बाब मराठी कुटुंबांना आता नवी राहिलेली नाही. पुणे, नागपूर, मुंबईप्रमाणेच इंदूर, बडोदा, बंगळुरू आणि हैदराबाद येथील मराठी घरांमधूनही निवृत्तीनंतर अमेरिकेत स्थायिक होण्याचा विचार केला जातो. व्हिसा हाती पडेपर्यंत घरातील सर्वांचे लक्ष कागदपत्रांकडे लागलेले असते. मात्र साठी-सत्तरीच्या वयात परदेशी वास्तव्यास जाताना सर्वांत महत्त्वाचा ठरणारा आरोग्य खर्चाचा प्रश्न अनेकदा मागे पडतो. कायम रहिवासाचा परवाना, म्हणजेच ग्रीन कार्ड मिळाले की वृद्धांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजनाही लगेच लागू होते, असा समज मोठ्या प्रमाणावर आढळतो. प्रत्यक्षात तसे नाही. या दोन्हींमध्ये बहुतेक पालकांच्या बाबतीत पाच वर्षांचे अंतर असते.

अर्जांचा क्रम

पालकांसाठी अर्ज करण्याचा अधिकार केवळ अमेरिकेच्या नागरिकाला असून त्याचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. ग्रीन कार्डधारक मुलांना आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. या गटातील व्हिसांच्या संख्येवर वार्षिक मर्यादा नसल्यामुळे भावंडांच्या गटाप्रमाणे वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही. मात्र आई आणि वडील यांच्यासाठी ‘आय-१३०’ हा अर्ज स्वतंत्रपणे भरावा लागतो. एका अर्जात दोघांचा समावेश होत नाही, तसेच त्यांच्यावर अवलंबून असलेल्या अन्य अपत्यांनाही त्याच अर्जावर नेता येत नाही.

हा अर्ज मंजूर झाल्यावर प्रकरण राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तेथे ‘डीएस-२६०’ हा स्थलांतर व्हिसाचा अर्ज इंटरनेटद्वारे भरावा लागतो. त्यानंतर मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी आणि वकिलातीतील मुलाखत असे टप्पे पार पडतात.

भारतीय ज्येष्ठ नागरिकांची खरी अडचण जन्माच्या पुराव्याची असते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा असल्यामुळे त्यापूर्वी, विशेषतः खेड्यात, जन्मलेल्या अनेकांची नोंदच झालेली नाही. अशा वेळी नगरपालिका अथवा ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घेऊन त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला किंवा अन्य जुना पुरावा जोडावा लागतो. मराठी दाखल्यांबरोबर इंग्रजी भाषांतर आणि ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे स्वाक्षरीसह प्रमाणपत्र जोडणे आवश्यक असते.

विवाहानंतर बदललेले नाव हा मराठी स्त्रियांच्या बाबतीत हमखास उद्भवणारा मुद्दा आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि पारपत्रावर सासरचे नाव असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा आधीच तयार ठेवावा. मुलाच्या जन्मदाखल्यावरील आईचे नाव पारपत्राशी जुळते किंवा नाही, हेही पाहून घ्यावे.

हमीपत्र : केवळ औपचारिकता नव्हे

‘आय-८६४’ या हमीपत्राद्वारे अर्जदार मुलगा अथवा मुलगी पालकांच्या आर्थिक पालनपोषणाची जबाबदारी कायदेशीररीत्या स्वीकारते. त्यासाठी संपूर्ण कुटुंबाच्या संख्येनुसार ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते. पती-पत्नी आणि येणारे आई-वडील असे चौघांचे कुटुंब असल्यास २०२५ सालच्या दारिद्र्यरेषेनुसार ही रक्कम वर्षाला सुमारे ४० हजार १८७ डॉलर इतकी होते.

या हमीला ठरावीक वर्षांची मुदत नाही. पालक अमेरिकेचे नागरिक होईपर्यंत, त्यांच्या नावावर कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत अथवा ते कायमचे देश सोडून जाईपर्यंत ती लागू राहते. उत्पन्नावर आधारित काही सरकारी सवलतींसाठी पालकांनी अर्ज केल्यास हमी देणाऱ्या मुलाचे उत्पन्नही विचारात घेतले जाऊ शकते.

पोहोचल्यानंतरची कामे

विमानतळावर प्रवेश मिळाल्यानंतर पारपत्रावरील शिक्का मारलेला स्थलांतर व्हिसा एक वर्षापर्यंत कायम रहिवासाचा तात्पुरता पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. प्रत्यक्ष कार्ड टपालाने घरी येते. त्यासाठीचे शुल्क इंटरनेटद्वारे भरावे लागत असून ते भरलेले नसल्यास कार्ड तयार केले जात नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांकाची मागणी ‘डीएस-२६०’ अर्जातच नोंदविता येते. पत्ता बदलल्यास दहा दिवसांच्या आत ‘एआर-११’ या अर्जाद्वारे कळविणे बंधनकारक आहे. पालक एका मुलाकडून दुसऱ्याकडे राहावयास गेल्यास हा नियम नेमका विसरला जातो.

वृद्धांसाठीच्या योजनेची अट

मेडिकेअर ही ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठीची अमेरिकेची केंद्रीय आरोग्य विमा योजना १९६५ साली अस्तित्वात आली. रुग्णालयातील उपचारांसाठीचा तिचा ‘भाग अ’ हा ज्यांनी साधारण दहा वर्षे काम करून कर भरला आहे, त्यांना विनाहप्ता मिळतो. डॉक्टरांच्या सेवांसाठीच्या ‘भाग ब’ साठी मात्र सर्वांनाच हप्ता भरावा लागतो.

भारतात नोकरी करून निवृत्त झालेल्या पालकांच्या नावावर अमेरिकेतील कामाची नोंद नसते. मुलाने कितीही वर्षे कर भरला असला, तरी त्याचा लाभ आई-वडिलांना मिळत नाही. भारतातील नोकरीची वर्षे धरली जावीत असा सामाजिक सुरक्षा करारही उभय देशांमध्ये झालेला नाही. त्यामुळे अशा पालकांना कायम रहिवासी म्हणून अमेरिकेत सलग पाच वर्षे वास्तव्य केल्यानंतरच आणि तेही हप्ता भरून या योजनेत सहभागी होता येते. २०२५ साली ‘भाग अ’ चा पूर्ण हप्ता दरमहा ५१८ डॉलर, तर ‘भाग ब’ चा मूळ हप्ता १८५ डॉलर होता. म्हणजे दोघांसाठी दरमहा १ हजार ४०६ डॉलर इतका खर्च येत होता.

उदाहरणार्थ, ६८ वर्षांच्या एखाद्या आजी जून २०२६ मध्ये कायम रहिवासी म्हणून दाखल झाल्यास त्यांना ही पात्रता जून २०३१ मध्ये, म्हणजे वयाच्या ७३ व्या वर्षी मिळेल. नोंदणीसाठी त्या महिन्याच्या आधीचे तीन महिने, तो महिना आणि नंतरचे तीन महिने, असा सात महिन्यांचा अवधी असतो. हा अवधी टळल्यास पुढील नोंदणीपर्यंत थांबावे लागते. त्याखेरीज ‘भाग ब’ च्या हप्त्यात विलंबाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के वाढ होते आणि ती सहसा कायम राहते.

मधल्या काळात पर्याय कोणते ?

अल्प उत्पन्न गटासाठीच्या मेडिकेड योजनेलाही १९९६ सालच्या केंद्रीय कायद्यानुसार बहुतांश नव्या कायम रहिवाशांसाठी पाच वर्षांची अट आहे. काही राज्ये स्वतःच्या निधीतून ही अट शिथिल करतात. त्यामुळे पालक कोणत्या राज्यात राहणार आहेत, याला महत्त्व प्राप्त होते.

मुख्य पर्याय आहे तो २०१० सालच्या कायद्याने निर्माण झालेल्या आरोग्य विमा बाजारपेठेचा. कायम रहिवाशांना तेथे पहिल्या दिवसापासून पॉलिसी घेता येते आणि मेडिकेअर लागू नसलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही ती खुली आहे. मधुमेह, रक्तदाब अथवा हृदयविकार आधीपासून असल्याच्या कारणावरून कंपनीला विमा नाकारता येत नाही. मात्र अमेरिकेत दाखल झाल्यापासून साधारण ६० दिवसांच्या आत नोंदणी करणे आवश्यक असते. अन्यथा वार्षिक खुल्या नोंदणीची वाट पाहावी लागते.

हप्त्यावरील सरकारी सवलत करविवरणातील कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. मुलाने पालकांना आपल्या करविवरणात अवलंबित म्हणून दाखविल्यास त्याचे उत्पन्न गणले जाते. पालकांनी स्वतंत्र विवरण भरल्यास त्यांचे निवृत्तिवेतन, भारतातील व्याज आणि घरभाडे यांची नोंद त्यात करावी लागते. दारिद्र्यरेषेखालील उत्पन्न असूनही मेडिकेडला अपात्र ठरलेल्या नव्या रहिवाशांना पूर्वी ही सवलत मिळत असे. २०२५ सालच्या कायद्याने ती तरतूद १ जानेवारी २०२६ पासून रद्द केली आहे. त्यामुळे अत्यल्प उत्पन्न असलेल्या पालकांना आता पूर्ण हप्ता भरण्याची तयारी ठेवावी लागते.

पर्यटकांसाठीच्या विमा पॉलिसीवर पाच वर्षे काढण्याचा विचार धोक्याचा ठरू शकतो. अशा पॉलिसी जुन्या आजारांचा खर्च सहसा देत नाहीत. आणीबाणीच्या प्रसंगी १९८६ सालच्या कायद्यानुसार रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला पैशांचा विचार न करता रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. परंतु त्याचे देयक माफ होत नाही. ना-नफा तत्त्वावरील रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवणे बंधनकारक असल्याने, मोठे देयक आल्यास त्याची चौकशी अवश्य करावी.

इंग्रजीची अडचण असलेल्या रुग्णांना, केंद्रीय निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी विनामूल्य दुभाषी उपलब्ध करून द्यावयाचा असतो. ‘मराठी दुभाषी हवा’ एवढे सांगणे पुरेसे असते. आजीच्या छातीत दुखण्याचे वर्णन नातवाने करून सांगावे, अशी अपेक्षा नाही.

भारतातील विमा आणि ये-जा

अनेक पालक थंडीचे महिने भारतात घालवितात. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास प्रवेशाच्या वेळी वास्तव्याच्या हेतूबद्दल विचारणा होऊ शकते आणि नागरिकत्वासाठीच्या सलग वास्तव्याच्या गणनेतही अडथळा येतो. एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहावयाचे असल्यास पुनर्प्रवेश परवाना आधीच घ्यावा लागतो. त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावयाचा असतो. मेडिकेअरसाठीची पाच वर्षेही सलग असावी लागत असल्यामुळे प्रवासाच्या तारखांची नोंद ठेवणे हिताचे आहे.

दुसरीकडे, भारतातील आरोग्य पॉलिसी घाईने बंद करू नये. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना असो अथवा ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील नागरिकांसाठी सुरू झालेली आयुष्मान भारतची विस्तारित योजना असो, त्यांचा लाभ भारतातील उपचारांपुरताच असतो. त्याचप्रमाणे मेडिकेअरही सर्वसाधारणपणे अमेरिकेबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही. दोन्हीकडे राहणाऱ्यांना दोन्हीकडची व्यवस्था स्वतंत्रपणे करावी लागते.

पालकांना नेण्याचा निर्णय बहुधा प्रेमापोटी घेतला जातो आणि तिकिटे काढून झाल्यावर हिशेब मांडला जातो. हा क्रम उलट असणे सर्वांच्या हिताचे आहे. ‘आय-१३०’ अर्ज दाखल करण्यापूर्वीच पहिल्या पाच वर्षांच्या विम्याचा हप्ता कोण आणि कोठून भरणार, हे मुलांनी व पालकांनी एकत्र बसून ठरवावे. शुल्क, हप्ते आणि उत्पन्नमर्यादा वेळोवेळी बदलत असल्यामुळे अर्ज करतेवेळी संबंधित सरकारी विभागांकडून अद्ययावत आकडे तपासून घ्यावेत.