परसात कोंबड्या, पायाशी कुत्रं

बंगल्यामागे थोडी मोकळी जागा असली की हल्ली चार-सहा कोंबड्या पाळायची हौस अनेकांना होते. गिरिराज किंवा वनराजा जातीच्या तलंगा येतात, सुतार खुराडं करून देतो, आणि सगळं झाल्यावर लक्षात येतं की घरात एक कुत्रंही आहे. मग शेजारी, पाहुणे, कोंबड्या विकणारा असे सगळेच सल्ले द्यायला लागतात. त्यातले काही सल्ले कोंबडीच्या जिवावर बेततात, काही कुत्र्याच्या.

गैरसमज : एवढंसं कुत्रं, ते काय करणार?

वस्तुस्थिती : उंचीवरून स्वभाव ठरत नाही. आखूड पायांचं डॅक्सहुंड जर्मनीत तयार झालं ते बिळात शिरून बॅजरशी झुंजायला. जॅक रसेल टेरिअरची पैदास इंग्लंडमध्ये कोल्ह्यांच्या शिकारीसाठी झाली. पॉमेरेनियन किंवा स्पिट्झ त्या मानाने मवाळ, पण समोरून काही फडफडत पळालं की तेही मागे धावतंच. कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू जेमतेम ३५-४० ग्रॅम भरतं. कुत्र्याने ते नुसतं खेळायला तोंडात धरलं तरी संपलं.

धोका उलट्या बाजूनेही असतो. पिल्लं घेऊन फिरणारी कोंबडी थेट तोंडावर झेप घेते, कोंबड्याच्या पायामागचा काटा चांगलाच टोकदार असतो, आणि पगसारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्याला हे महागात पडतं. परसात शेळी असली, तर तिच्या एका धडकेत लहान कुत्र्याची बरगडी मोडू शकते.

गैरसमज : पोट भरलेलं असलं की कुत्रं कोंबडीकडे बघत नाही.

वस्तुस्थिती : भूक वेगळी आणि पाठलागाची ओढ वेगळी. नजर रोखणं, दबा धरणं, धावणं, पकडणं, मारणं आणि शेवटी खाणं अशी ही साखळी आहे. माणसाने जाती घडवताना तिच्यातल्या काही कड्या ठळक केल्या, काही पुसट केल्या. मेंढ्या वळवणारं बॉर्डर कॉली नजर रोखतं, दबा धरतं, धावतं आणि तिथेच थांबतं. टेरिअर मात्र मारण्यापर्यंत जातं. म्हणून दूधभात खाऊन तृप्त झालेलं कुत्रंही कोंबडी मारतं आणि न खाता तशीच टाकून देतं. जेवणात अंडं किंवा चिकन दिल्याने ‘रक्ताची चटक’ लागते, हाही असाच समज. चटक लागते ती पाठलागाची, आणि प्रत्येक यशस्वी पाठलागानंतर ती वाढते.

गैरसमज : शेपूट हलवतंय, म्हणजे दोस्ती करायची आहे.

वस्तुस्थिती : शेपूट हलणं ही उत्तेजना आहे, मग ती आनंदाची असो वा शिकारीची. बाकीचं अंगही बघा. जाळीपलीकडे कोंबडी माती उकरते आहे आणि अलीकडे कुत्रं अगदी स्तब्ध उभं आहे : तोंड मिटलेलं, कान पुढे, एक पंजा अधांतरी, नाकासमोर धरलेल्या बिस्किटाचंही भान नाही. शेपूट हलत असली तरी ही दोस्ती नव्हे. अंग सैल, तोंड किंचित उघडं, मध्येच जमीन हुंगणं, हाक मारताच मान वळवणं, ही भरवशाची लक्षणं.

गैरसमज : एकदा मोकळं सोडा, आपापसात जमवून घेतील.

वस्तुस्थिती : पहिल्याच भेटीत कोंबडी उडाली आणि कुत्रं धावलं, तर दोघांनीही नको तो धडा घेतलेला असतो. आधी आठ-पंधरा दिवस कोंबड्यांना खुराड्यात रुळू द्या, नाहीतर घाबरून त्या अंडी देणंही थांबवतात. मग कुत्र्याला फिरवून, दमवून पट्ट्यावर आणा. कोंबड्या दिसताहेत, तरी हातातला खाऊ ते घेतंय, एवढ्या अंतरावर थांबा. कोंबडीवरून नजर काढून तुमच्याकडे बघितलं की लगेच खाऊ द्या. पाच मिनिटं पुरे. अंतर रोज थोडंथोडं कमी करा. टक लावून बघायला लागलं, तर मागे सरका. अशी शांत सवय लागायला काही आठवडे, कधी महिने जातात. सुरुवात मोठ्या, थंड डोक्याच्या कोंबडीपासून करा, पिल्लांपासून नको.

गैरसमज : मेलेली कोंबडी दाखवून दोन फटके दिले की जन्माची अद्दल घडते.

वस्तुस्थिती : कुत्रं शिक्षेचा संबंध त्या क्षणाशी जोडतं, तासाभरापूर्वीच्या कृत्याशी नाही. त्याला एवढंच कळतं की कोंबडी जवळ असली की मार बसतो, किंवा मालक आला की मार बसतो. म्हणून पुढच्या वेळी ते तुमच्या पाठीमागे कोंबडी धरतं. ‘वाकडं शेपूट’ म्हणून हात टेकायचंही कारण नाही. प्रौढ कुत्रीही शिकतात, फक्त वेळ जास्त घेतात.

गैरसमज : कोंबड्यांमुळे कुत्र्याला रोग होतात.

वस्तुस्थिती : सरसकट नाही. कोंबडीच्या उवा कुत्र्यावर टिकत नाहीत आणि तिला होणारा कॉक्सिडिओसिस कुत्र्याला होत नाही. मात्र विष्ठेतून साल्मोनेला जाऊ शकतो. कुत्रं वरवर ठणठणीत दिसतं आणि जंतू घरात आणतं, म्हणून खुराडं रोज झाडा. खरा घातक शत्रू निराळाच आहे. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांबरोबर लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) हा रोग येतो, शिवाय त्यांच्यासाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाईडसारखं विष कुत्र्याच्या पोटात जातं. दाणा झाकणाच्या डब्यात ठेवा, विषाऐवजी पिंजरा लावा आणि लेप्टोची लस चुकवू नका. शेळी असेल तर तिची जार आणि कच्ची आतडी-कलेजी कुत्र्याला मिळू देऊ नका.

गैरसमज : लहानपणापासून एकत्र वाढलेत, आता जाळी कशाला?

वस्तुस्थिती : तीन ते बारा-चौदा आठवडे हा कुत्र्याच्या पिल्लाचा नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याचा काळ. त्यात कोंबड्या भेटल्या तर फायदा नक्की होतो, हमी मिळत नाही. वर्षभराचं, अंगात रग असलेलं कुत्रं त्याच कोंबडीला पळवू लागतं. शिवाय तुम्ही समोर असताना ते शहाणं असतं, तुम्ही घरात गेल्यावर कसं वागेल ते वेगळं. काही कुत्र्यांवर कधीच विसंबता येत नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही. जाळी एक फूट जमिनीत गाडा किंवा बाहेरच्या बाजूला दुमडा, म्हणजे उकरून आत शिरता येणार नाही. दिवेलागणीला कोंबड्या आत आणि कडी बंद, हा नेम पाळा. कुत्रं गुणी निघालं तरी जाळी राहू द्या. रानमांजरं आणि मुंगूस तुमच्या शिकवणीला आलेले नसतात.