कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे!

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की मालक घाबरतो आणि गॅरेज गाठतो. मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो, पडद्यावर 'पी ०१७१' असा एखादा कोड उमटतो आणि पाच मिनिटांत निकाल लागतो, "सेन्सर गेला, बदलावा लागेल." सेन्सर बदलला जातो, बिल भरले जाते आणि आठ दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो. मग दुसरा सेन्सर, मग तिसरा. हौसेची गाडी बाळगणाऱ्याला हा खर्च झेपेल. पण हप्त्यावर टॅक्सी घेऊन पोट भरणाऱ्याचे यात कंबरडे मोडते.

आम्ही वकील. इंजिनाशी तुमचा काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु पुरावा कशाला म्हणावे हा आमचा रोजचा विषय आहे आणि स्कॅनरचा सारा प्रश्न पुराव्याचाच आहे. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. तपास होतो, पंचनामा होतो, साक्षीदार तपासले जातात, उलटतपासणी होते आणि मगच निकाल लागतो. स्कॅनरवरचा कोड ही इंजिनाच्या कंट्रोल युनिटने, म्हणजे ईसीएमने, दाखल केलेली फिर्याद आहे. आणि बहुतेक वेळा ती अज्ञात इसमाविरुद्ध असते!

'पी ०१७१' याचा अर्थ एवढाच की, इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडत आहे. हा दोष कोणाचा, हे कोड सांगत नाही. हवेच्या पाइपला चीर गेली असेल, टाकीतला फ्युएल पंप दमला असेल, हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवर धूळ बसली असेल किंवा सायलेन्सरच्या पुढच्या जोडात गळती असेल. आणि आपल्याकडे बदलला जातो कोण? ऑक्सिजन सेन्सर! वास्तविक पाहता, धुरात ऑक्सिजन जास्त आहे ही खरी साक्ष त्यानेच दिलेली असते. खरे बोलणाऱ्या साक्षीदारालाच फासावर लटकविण्याचा हा प्रकार आहे.

मग तपास कसा करावा? पहिली गोष्ट, आल्या आल्या कोड पुसू नये. ईसीएम कोडबरोबर 'फ्रीझ फ्रेम' जपून ठेवते. दोष नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती होते, कूलंट किती तापले होते, इंजिनावर भार किती होता, हे सारे त्यात असते. हा घटनास्थळाचा पंचनामाच म्हणायचा. कोड पुसला की तोही जातो आणि ईसीएमने चालविलेल्या स्वयंतपासण्यांची नोंदही कोरी होते. दिवा विझला म्हणून मालक खूश होतो, पण पुरावा मात्र नष्ट झालेला असतो.

दुसरी गोष्ट, चालू इंजिनाचे आकडे, म्हणजे 'लाइव्ह डेटा' वाचावा. त्यात 'फ्युएल ट्रिम' नावाचा आकडा असतो. ईसीएम ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवीत किंवा कमी करीत आहे, हे तो सांगतो. समजा, आयडलिंगला तो अधिक २५ आहे आणि इंजिन २,५०० फेऱ्यांवर नेताच अधिक ५ वर उतरतो. मग संशय बाहेरून घुसणाऱ्या हवेवर घ्यावा. कारण इंजिन जास्त हवा ओढू लागले की चिरेतून येणाऱ्या हवेचा वाटा नगण्य होतो. उलट आयडलिंगला आकडा ठीक आणि चढावर वाढत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर तपासावा. मात्र आपल्याकडील अनेक लहान गाड्यांत एअरफ्लो सेन्सरऐवजी दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे चिरेतून आलेली हवाही मोजली जाते, ट्रिम फारसा बिघडत नाही आणि आयडलिंगच चढते. म्हणजे गाडीत कोणती पद्धत आहे, हे ठाऊक असल्याशिवाय आकड्याचा अर्थ लागत नाही.

तिसरी गोष्ट, आरोपीची उलटतपासणी. 'पी ०३०१' म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग मारतो. नवी कॉइल आणण्यापूर्वी पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर बसवावी. कोड 'पी ०३०२' झाला तर कॉइल दोषी; कोड जागचा हलला नाही तर कॉइल निर्दोष, मग प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन पाहावे. या तपासणीला एक पैसाही लागत नाही. तसेच रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी कूलंट आणि आत येणारी हवा यांचे तापमान जवळपास सारखेच दिसले पाहिजे. एक २८ आणि दुसरे उणे ४० दाखवीत असेल तर बहुधा वायर तुटली आहे किंवा प्लग निघाला आहे. अशा वेळी आधी मल्टिमीटर हातात घ्यावा, मग दुकानाची वाट धरावी. आणि दिवा नुसता न लागता लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. जोराच्या मिसिंगमुळे न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात आणि त्याचे बिल साध्या कॉइलच्या कितीतरी पट येते.

आता मुख्य प्रश्न असा की, हा तपास रस्त्याकडेच्या गॅरेजमधला मुलगा का करीत नाही? तो हुशार नाही म्हणून? मुळीच नाही. कार्ब्युरेटरच्या काळात नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारे उस्ताद याच गॅरेजांनी घडविले. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना ओबीडी-२ सक्तीचे झाले. आपल्याकडे चारचाकींना २०१० पासून ओबीडी आणि २०१३ पासून ओबीडी-२ लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर आले आणि दुचाकीतही ही यंत्रणा आली. यंत्र बदलले, पण त्याचे ज्ञान कुलपात राहिले. काहीशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर सर्व कंपन्यांचे सामाईक कोड वाचतो. परंतु कंपनीचे खास कोड, वायरिंगचे नकाशे आणि दुरुस्ती पुस्तिका अनेकदा अधिकृत सर्व्हिस सेंटरच्याच हाती असतात.

यावर कायद्याने बोट ठेवलेले आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असे आयोगाने ठरविले. २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांपुरता दंड कमी केला, मूळ निष्कर्ष मात्र कायम ठेवला. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'राइट टु रिपेअर' पोर्टल सुरू केले. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे! माहिती द्यायला भाग पाडणारा कायदा झाल्याशिवाय हे कुलूप उघडणार नाही.

तोवर आपण काय करावे? गाडीमालकाने सापडलेला कोड आणि फ्रीझ फ्रेम कागदावर मागावी, "हाच भाग दोषी कशावरून?" असे विचारावे, जुना भाग परत घ्यावा आणि पक्के बिल सोडू नये. सेवेत कसूर झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते; वकील लागतोच असे नाही. ही आमच्या धंद्याविरुद्धची गोष्ट आहे, तरीही सांगतो.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले आयटीआयमध्ये किंवा गॅरेजमध्ये हात काळे करीत आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे की, स्कॅनर जरूर घ्या, पण त्याचे हमाल होऊ नका. कोड वाचणे कोणालाही जमते. कोडला जाब विचारणारा मेकॅनिक विरळा. तो तुम्ही व्हा. त्यासाठी इंजिन कसे चालते ते वाचा, मल्टिमीटर शिका, प्रत्येक गाडीचे आकडे वहीत उतरवून ठेवा. चांगल्या गाडीचे आकडे ज्याच्या वहीत असतात, त्यालाच बिघडलेल्या गाडीचा आकडा ओळखू येतो!