मोठ्या व्हायच्या राहिलेल्या पेशी

आंघोळ घालताना आईच्या हाताला तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात एका बाजूला काहीतरी घट्ट लागते. मूल हसतेखेळते असते, दुखत काहीच नाही. विल्म्सची गाठ पुष्कळदा अशीच सापडते. (सापडल्यावर घरातल्या प्रत्येकाने ती दाबून पाहू नये, गाठ फुटू शकते.) मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगांत हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो, साधारण १०,००० मुलांत एकाला, बहुधा पाच वर्षांच्या आत. जर्मन शल्यचिकित्सक माक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, म्हणून हे नाव.

इतक्या लहान वयात कर्करोग का व्हावा? त्याचे मूळ गर्भावस्थेत आहे. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या गर्भाच्या सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत बनतात, नंतर नव्या बनत नाहीत. पण ज्या पेशींपासून त्या घडतात, त्यांचे काही पुंजके कधीकधी तसेच उरतात. बहुतेक विरून जातात. क्वचित एखाद्या पुंजक्यातील जनुकांत बिघाड होतो आणि पेशी प्रौढ न होता वाढतच राहतात. १९९० मध्ये ११ व्या गुणसूत्रावर सापडलेले डब्ल्यूटी१ हे अशांपैकी एक जनुक. गाठीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहा : अर्धवट गाळण्या, अर्धवट नलिका. मूत्रपिंड घडवण्याचा फसलेला प्रयत्नच!

पूर्वी शस्त्रक्रिया हाच उपाय होता. पुढे किरणोपचार आले, मग मातीतल्या जीवाणूंपासून मिळालेले ॲक्टिनोमायसिन आणि आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासूनचे व्हिनक्रिस्टिन. पण कोणाला किती द्यायचे? एका रुग्णालयात वर्षाला जेमतेम काही रुग्ण येणार. म्हणून १९६९ मध्ये अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन अभ्यास सुरू केला. त्यात दिसले, की दोन्ही औषधे मिळून एकेकट्यापेक्षा सरस ठरतात. आणि दोन वर्षांखालील ज्या मुलांची गाठ पूर्ण निघाली, त्यांना औषधे दिल्यास किरणांची गरजच नसते. हे दुसरे आम्हांला अधिक मोलाचे वाटते, कारण किरणांनी वाढत्या कण्याची वाढ खुंटते.

युरोपात आधी औषधांनी गाठ लहान करून मग मूत्रपिंड काढतात, अमेरिकेत बहुधा उलट. निष्पत्ती जवळपास सारखीच : श्रीमंत देशांत सुमारे ९० टक्के मुले वाचतात. आपल्याकडे मुले उशिरा येतात, काहींचे उपचार मध्येच सुटतात, आणि तिथेच आपण मागे पडतो.

असे मूल उपचार चालू असताना वर्गात आले, तर त्याचे केस गेलेले असतील. ते परत येतात. एका मूत्रपिंडावर त्याचे नीट भागते. हा रोग संसर्गजन्य नाही. मात्र वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर त्याच दिवशी त्याच्या पालकांना कळवा. औषधांमुळे त्याची प्रतिकारशक्ती उणावलेली असते.