प्रस्तरारोहणाचा पहिला बूट
प्रस्तरारोहणाच्या बुटाचा नक्षीविरहित रबरी तळ कातळाला जास्तीत जास्त पृष्ठभागाने भिडतो आणि त्यातून पकड निर्माण होते. फ्रान्समधील फाँतेनब्लोच्या शिळांवर चढणाऱ्या पिएर आलँ यांनी १९३०च्या दशकात असा बूट घडवला. नवशिक्याने मात्र पकडीआधी माप पाहावे: बोटे टोकाला टेकावीत, पण दुखू नयेत, आणि टाचेत पोकळी राहू नये, कारण तसे झाल्यास लहानशा खाचेवर भार देताच पाऊल आत सरकते. अस्तर नसलेले चामडे वापराने सैलावते, कृत्रिम कापड तितके नाही, म्हणून चामडी बूट किंचित घट्टच घ्यावा. खाली वाकलेल्या टोकाचा बूट बाहेर झुकलेल्या कड्यांसाठी असतो. सह्याद्रीच्या बसाल्टवर सुरुवात करणाऱ्याला सपाट तळाचा, ४ मिलिमीटरच्या आसपास जाड रबराचा बूटच योग्य, कारण नवख्याचे पाऊल कातळावर घासत जाते आणि पातळ रबर लवकर झिजते.