तुरुंगातली नोकरी आणि तुरुंग टाळणारी नोकरी

महाराष्ट्रात कारागृह व सुधारसेवा विभाग गृह खात्याच्या अखत्यारीत येतो, तर परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाच्या सेवेत असतो; त्यामुळे अपराध्यांच्या सुधारणेचे काम करू इच्छिणाऱ्या तरुणांपुढे आरंभीच दोन वेगळ्या वाटा असतात, आणि त्यांपैकी दुसरीची माहिती फार थोड्यांना असते.

पहिल्या वाटेवरचे प्रवेशाचे पद कारागृह शिपायाचे असून त्यासाठी बारावी उत्तीर्ण होऊन शारीरिक चाचणी व लेखी परीक्षा द्यावी लागते. तुरुंगाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी येरवड्याला दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आहे. 1957 सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामुळे, ज्याची प्रेरणा औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीतून आली होती, तुरुंगाधिकारी म्हणजे कैद्यांचे हृदयपरिवर्तन करणारा नायक, अशी प्रतिमा रूढ झाली खरी. परंतु नव्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला येते ती बंद्यांची मोजणी, झडती, मुलाखतींवरील देखरेख आणि संचित रजा म्हणजे फर्लो, तसेच अभिवचन रजा म्हणजे पॅरोल यांच्या अर्जांची कागदपत्रे. शिवाय 2022 अखेरीस देशातील सुमारे 76 टक्के बंदी न्यायाधीन, म्हणजे खटला अद्याप निकाली न निघालेले होते, आणि ज्याचा दोषच सिद्ध झालेला नाही त्याला ‘सुधारणे’ ही कल्पनाच मुळात चमत्कारिक आहे.

दुसऱ्या वाटेचा पाया अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 हा आहे. परिवीक्षा म्हणजे दोषी ठरलेल्या व्यक्तीला लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, मोकळे ठेवणे, आणि मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यांत न्यायालय असा आदेश देऊ शकते. कलम 6 त्याहून पुढे जाते: अशा गुन्ह्यातील अपराधी 21 वर्षांखालील असेल, तर त्याला कारावास देण्यापूर्वी न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तरीही कारावास दिल्यास कारणे नोंदवावी लागतात. विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या प्रकरणात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलाच्या प्रकरणात, बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार सामाजिक अन्वेषण अहवाल पंधरा दिवसांत द्यावा लागत असल्याने, मुलाचे घर, शाळा, मित्र आणि मिळकत यांचा शोध घेण्यासाठी अधिकाऱ्याला वस्तीत हिंडावे लागते. गणवेश नसलेल्या या पदाचे खरे सामर्थ्य त्या अहवालात असते, कारण घाईने भरलेला नमुना आणि काळजीपूर्वक लिहिलेला वृत्तान्त यांतील फरकावर एखाद्याचा तुरुंगवास टळणे अवलंबून असू शकते.

समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्यांना ही दुसरी वाट अधिक मानवते. तरी भरतीच्या जाहिराती दोन्ही विभागांकडून स्वतंत्रपणे निघत असल्याने इच्छुकाने दोहोंकडे लक्ष ठेवावे, आणि अर्ज करण्यापूर्वी 1958 चा तो छोटासा अधिनियम एकदा संपूर्ण वाचावा.